सोलापूरच्या उन्हातील सीलबंद बॅटऱ्यांबाबत ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

सोलापूर जिल्ह्यात सौर संचांच्या बॅटऱ्या बसवण्याचे आणि तपासण्याचे काम मी करतो. गेल्या उन्हाळ्यात एका शाळेतून बोलावणे आले. गच्चीवरची पॅनेल धडधाकट होती, परंतु पत्र्याच्या खोलीतील चारही सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या फुगल्या होत्या. “मेंटेनन्स-फ्री असूनही असे कसे?” असे मुख्याध्यापकांनी विचारले. या शब्दाचा खरा अर्थ एवढाच, की या बॅटरीत पाणी घालावे लागत नाही. ते घालताही येत नाही, हे मात्र विकताना कोणी सांगत नाही.

बारा व्होल्टच्या अशा बॅटरीला 25 अंश तापमानात साधारण 14.4 व्होल्टपर्यंत चार्ज करून नंतर 13.5 ते 13.8 व्होल्टच्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या हलक्या चार्जवर, ठेवतात. तापमान वाढले की हा व्होल्टेज उतरवावा लागतो, अंशामागे प्रत्येक सेलला (अशा बॅटरीत सहा सेल असतात) सुमारे 3 ते 5 मिलिव्होल्ट. म्हणजे 45 अंशांच्या खोलीत 14.4 ऐवजी 14 किंवा त्याहूनही थोडे कमीच हवे. आपल्याकडे वैशाखात बाहेरच पारा 42-43 वर जातो, मग पत्र्याखालचे काय सांगावे! पॅनेलकडून बॅटरीला जाणारा चार्ज आवरणाऱ्या कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर नसेल, तर तो 14.4 देतच राहतो. आत तयार होणाऱ्या वायूंचे पुन्हा पाणी होण्याची गती अपुरी पडते, झडप उघडते आणि गेलेले पाणी कायमचे जाते. शिवाय 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, ते वेगळेच.

पावसाळ्यातले दुखणे याच्या उलट आहे. ढगाळ दिवसांत बॅटरी अर्धवटच भरते, दिवे मात्र रोज लागतात, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिल्याने प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. अशा वेळी चारांपैकी एकच नवी बॅटरी जोडण्याची काटकसर केली जाते. जुन्या तिघी त्या नवीलाही घेऊन बसतात.

म्हणून माझी विनंती आहे की शासकीय सौर संचांच्या निविदांत बॅटरीच्या अंगाला चिकटवलेला तापमान सेन्सर सक्तीचा करावा, बॅटऱ्यांची जागा सावलीची व हवेशीर असल्याशिवाय देयक मंजूर करू नये, आणि देखभाल करारात दर तीन महिन्यांनी प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज नोंदवण्याची अट घालावी. त्यासाठी लागणारा मल्टीमीटर गावातल्या कोणत्याही वायरमनकडे असतो.

आपला विश्वासू,
एक बॅटरी तंत्रज्ञ, सोलापूर