महाभियोग आणि न्यायालयाची कक्षा

महोदय,

अमेरिकी राज्यघटनेने महाभियोगाचा खटला चालवण्याचा अधिकार केवळ सिनेटला दिला असल्याने न्यायालयांनी त्यात मुळीच पडू नये, हे मत अनेकदा निर्विवाद असल्यासारखे मांडले जाते. वॉल्टर निक्सन या फेडरल न्यायाधीशांना सिनेटने १९८९ मध्ये पदावरून दूर केले. साक्षीपुरावे संपूर्ण सभागृहाऐवजी एका समितीने नोंदवले, हा त्यांचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, हा विषय न्यायालयीन निवाड्याचा नाही, असे सांगून फेटाळला. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण महाभियोग हाच न्यायाधीशांवरचा मोठा घटनात्मक अंकुश आहे आणि त्याची अंतिम तपासणी न्यायाधीशांच्याच हाती गेल्यास तो बोथट होईल. मात्र निकालाशी सहमत असलेल्या न्या. डेव्हिड सूटर यांनी स्वतंत्र मतात, सिनेटने नाणेफेक करून कोणाला दोषी ठरवले तर न्यायालयीन हस्तक्षेप समर्थनीय ठरू शकेल, असेही सुचवले होते. राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगांच्या चर्चेत हा अपवाद जवळजवळ विसरला जातो, याची मला खरोखर चिंता वाटते. घटनेच्या मूळ अर्थावर भर देणाऱ्या आणि बदलत्या काळानुसार अर्थ लावणाऱ्या, अशा दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी निष्पक्ष खटल्याचे किमान निकष आधीच स्पष्ट करावेत.

— एक वाचक