घरमालकांसाठीचे प्रचारपत्र नोटिशीच्या रूपात शेतकऱ्यांना पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : मंजूर मजकूर बदलून, ठरलेल्या भागाबाहेर व फसव्या स्वरूपात टपाल पाठवल्याबद्दल तक्रार, तसेच खुलाशाच्या पत्राची व भरपाईची मागणी.

महोदय,

मी बेळगावच्या टिळकवाडी भागात घरांच्या खरेदी-विक्रीचा आणि भाड्याचा सल्ला देणारे छोटे कार्यालय चालवते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या कर्नाटक रेरा प्राधिकरणाकडे एजंट म्हणून माझी नोंदणी आहे. टिळकवाडी, हिंदवाडी आणि शहापूर, म्हणजे पिन कोड ५९०००६, ५९००११ आणि ५९०००३ या भागांतील घरमालकांना माझ्या सेवेची माहिती टपालाने पाठवण्याचे काम मी आपल्या कंपनीला दिले आणि त्याची पूर्ण रक्कम आगाऊ भरली. पाकीट साधे पांढरे असावे, पत्राच्या एका बाजूला मराठी व दुसऱ्या बाजूला कन्नड मजकूर असावा आणि खाली माझा रेरा नोंदणी क्रमांक ठळक छापावा, असे ठरले होते. घर भाड्याने देणे, विक्रीआधी किंमत काढणे, ई-खात्याची (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीची) कागदपत्रे जुळवणे आणि करारनामा तपासून देणे, एवढ्याच सेवांचा त्यात उल्लेख होता. त्या नमुन्यावर सही करून मी तो आपल्या प्रतिनिधींना परत दिला होता. प्रत्यक्षात लोकांच्या हाती पडले ते पत्र वेगळेच होते.

माझ्यासमोर आता ते पाकीट आहे. ते खाकी रंगाचे असून त्याच्या कडेला लाल तिरपी पट्टी आहे, पत्ता दिसावा म्हणून पारदर्शक खिडकी आहे आणि वर मोठ्या अक्षरांत ‘अंतिम सूचना : तात्काळ कार्यवाही अपेक्षित’ असे छापले आहे. आतल्या कागदावर रबरी शिक्क्यासारखे एक गोल चिन्ह आहे, ज्याचा माझ्या कार्यालयाशी काडीचाही संबंध नाही. ‘आपल्या सर्व्हे नंबरमधील जमिनीबाबत’ अशी मजकुराची सुरुवात होते आणि पुढे ‘आपण विक्रीस इच्छुक असल्याचे समजते, सात दिवसांत रोख व्यवहार पूर्ण करून देऊ’ असे आश्वासन आहे. मी जमिनी विकत घेत नाही, शेतजमिनीच्या व्यवहारात पडत नाही आणि सात दिवसांत रोख व्यवहार करून देण्याचे आश्वासन मी कधीही कोणालाही दिलेले नाही. रेरा क्रमांक मात्र या कागदावर कुठेही नाही. माझे नाव आणि कार्यालयाचा पत्ता तेवढा आहे.

ही पत्रे ठरलेल्या तीन भागांपुरती राहिली नाहीत. आपल्याकडे शेतजमिनींच्या उताऱ्यांवरून केलेली यादी तयार होती, म्हणून ही पत्रे येळ्ळूर, मच्छे, हलगा आणि वडगावच्या शिवारातील खातेदारांनाही गेली, असे आपल्या प्रतिनिधींनी मला दूरध्वनीवर सांगितले. आपले कार्यालय इथून दूर आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते. हलगा-मच्छे बायपासच्या भूसंपादनाविरुद्ध या भागातील शेतकरी वर्षानुवर्षे न्यायालयात आणि बांधावरही लढले आहेत. बेळगाव बासमती पिकवणारी ही काळी, सुपीक जमीन आहे, आणि ती जाण्याची भीती काय असते हे इथल्या घराघरात माहीत आहे. त्यातच २०२० साली कर्नाटक भूसुधारणा कायद्यातील दुरुस्तीने बिगरशेतकऱ्यांनाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली, तेव्हापासून लोक दलालांकडे अधिकच सावधपणे पाहतात. अशा गावात खाकी पाकिटातून ‘अंतिम सूचना’ आली की ती जाहिरात आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. येळ्ळूरचे एक वृद्ध शेतकरी ते पाकीट आणि आपला उतारा एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या कार्यालयात आले आणि हरकत कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, एवढेच विचारत राहिले. ही नोटीस नाही, हे त्यांना पटवून देताना मला माझ्याच नावाची लाज वाटली.

यादीमुळे झालेले नुकसान त्याहून खोल आहे. आमच्याकडे पुष्कळ उताऱ्यांवर वारसा लागलेला नसतो, त्यामुळे अनेक पत्रे हयात नसलेल्या माणसांच्या नावे गेली. सामाईक उताऱ्यावर भाऊ-बहिणींची नावे एकत्र असतात. त्यांपैकी एकाच्या नावाने ‘आपण विक्रीस इच्छुक असल्याचे समजते’ असे पत्र घरी आल्यावर बाकीच्यांनी काय समजायचे? हा आम्हाला न सांगता जमीन विकायला निघाला, असा संशय घेऊन एका कुटुंबातील दोन बहिणी माझ्याकडे आल्या होत्या. कोणाच्या घरात असे भांडण लावण्यासाठी मी पैसे भरले नव्हते.

टपालाने प्रचार करण्यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच मी हे काम दिले. मुले पुण्याला किंवा परदेशी असलेली, अर्धे घर बंद असलेली कितीतरी वयस्कर मंडळी हिंदवाडीत राहतात. मोबाईलवरचे संदेश ती वाचत नाहीत, पण नावाने आलेले पत्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात आणि जपून ठेवतात. पत्रावरच्या या विश्वासाचाच आपण गैरवापर केला. नोटिशीसारखे पाकीट जास्त उघडले जाते, हे आपल्या प्रतिनिधींचे उत्तर मला मान्य नाही. घाबरून पाकीट उघडणारा माणूस मला ग्राहक म्हणून नको आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही आपण मला अडचणीत आणले आहे. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १० नुसार, द्यायच्याच नसलेल्या सेवांची जाहिरात प्रसिद्ध होऊ देणे ही एजंटाची अनुचित व्यापार प्रथा ठरते आणि कलम ६२ नुसार त्यासाठी दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. प्राधिकरणापुढे उत्तर मला द्यावे लागेल, आपल्याला नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, पत्रांची दुसरी फेरी तातडीने थांबवावी आणि ज्या ज्या पत्त्यावर हे पाकीट गेले त्या प्रत्येक पत्त्यावर आपल्या खर्चाने मराठी व कन्नड भाषेतील खुलाशाचे पत्र पाठवावे. आधीचे पत्र शासकीय नव्हते, कोणतेही भूसंपादन वा विक्रीची प्रक्रिया सुरू नाही आणि कोणीही काही करण्याची गरज नाही, हे त्यात स्पष्ट असावे. मजकूर माझ्या लेखी मंजुरीशिवाय छापू नये आणि पाकीट साधे पांढरे असावे. खातेदारांची यादी कोठून मिळवली हे लेखी कळवून ती आपल्या नोंदींतून काढून टाकावी. आपण पाठवलेल्या देयकात पत्रांचा एकूण आकडा आहे, पण टपाल कार्यालयाच्या शिक्क्याची एकही पावती नाही, आणि परतीचा पत्ता आपला छापल्यामुळे न पोहोचलेली पत्रेही माझ्याकडे आलेली नाहीत. त्या पावत्या आणि परत आलेली सर्व पत्रे मला मिळावीत. मंजूर नमुन्याप्रमाणे एकही पत्र गेलेले नसल्यामुळे भरलेली संपूर्ण रक्कम परत करावी.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. हा व्यवसाय माझ्या उपजीविकेसाठी मी स्वतः चालवते, त्यामुळे व्यावसायिक कारणाचा आक्षेप इथे लागू होत नाही. सही केलेला नमुना, प्रत्यक्ष गेलेले पत्र व पाकीट आणि आपले देयक यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
मालमत्ता सल्लागार, टिळकवाडी, बेळगाव