हवा मीच मारली होती, उस्ताद

उस्ताद,

स.न.वि.वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘बरं बरं, गाडी काय म्हणते?’ एवढंच विचारता आणि फोन ठेवून देता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुमचं नाव घातलेलं नाही. ‘नाव आलं की गर्दी होते, आणि गर्दीत काम बिघडतं,’ हे तुमचंच म्हणणं. गाडीचं नावही राहू दे. जुनी, लांबलचक, मागे बसलं की पाय पसरता येतील अशी सेडान, एवढं पुरे. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना पुढचं वाचताना आपोआप ओळख पटेल.

पहिल्यांदा तुमच्या गॅरेजमध्ये आले तेव्हा माझ्या हातात एक खोका होता. नवं कोरं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतली विजेची कामं सांभाळणारा छोटा संगणक, सीलबंद. ‘हे फक्त बसवून द्या,’ म्हणाले. तुम्ही खोका उलटासुलटा करून पाहिलात, सीलवरून अंगठा फिरवलात आणि तो माझ्याच हातात परत दिलात. ‘मॅडम, हे एकदा गाडीला कोडिंग करून जोडलं की कुणी परत घेत नाही. आधी जुनं का गेलं ते बघू. ते कळलं नाही तर हेही जाईल.’

खरं सांगते, मला रागच आला होता. तोपर्यंत मी महिनाभर त्या गाडीची नाटकं सोसत होते. मागची उजवी काच रात्री आपणहून खाली यायची. सीटची मेमरी मला विसरायची आणि माझ्या भावाला लक्षात ठेवायची. डॅशबोर्डवर एक दिवा विझला की दुसरा पेटायचा. आणि चार दिवस गाडी उभी राहिली की पाचव्या दिवशी बॅटरी उतरलेली, नुसती टकटक. बॅटरी नवी टाकून झाली, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासून झाला, स्कॅनर लावला तर एररची ही मोठी यादी. त्या यादीत ज्याचं नाव सगळ्यांत वर होतं, तेच मी उचलून आणलं होतं. ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ हे मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच लोकांच्या आधी म्हणायला लागले. त्यात खोटं काहीच नव्हतं म्हणा. अशा गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. ते नव्या गाडीच्याच भावाने येतात. मॉड्यूल घेताना हे मला चांगलंच समजलं होतं.

तुम्ही स्कॅनरची यादी वाचलीत आणि बाजूला ठेवलीत. ‘वीस जण एकदम ओरडतायत म्हणजे वीस जण आजारी नसतात. एकाला काहीतरी झालंय, बाकीचे त्याच्या नावानं ओरडतायत.’ मग तुम्ही दार उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबलंत, म्हणजे गाडीला वाटावं दार लागलंय. बॉनेटच्या लॉकचंही तसंच. बॅटरीच्या वायरवर करंट मोजणारा चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर अडकवलात आणि म्हणालात, ‘आता अर्धा तास तिला झोपू द्या.’ त्या अर्ध्या तासात तुम्ही दुसऱ्या गाडीचे ब्रेक पॅड बदललेत. मी स्टुलावर बसून मीटरकडे बघत होते.

आकडा ६०० मिलिअँपिअरच्या आसपास येऊन थांबला, खाली येईना. बंद गाडीनं साधारण ५० च्या आत राहावं. तुम्ही गणित मांडलंत : तासाला ०.६, म्हणजे दिवसाला चौदा-साडेचौदा अँपिअर-तास. बॅटरी ९० ची. चार दिवसांत निम्म्याहून जास्त फस्त. माझा ‘पाचवा दिवस’ तिथे कागदावर उभा होता.

मला वाटलं आता एकेक फ्यूज काढून बघाल. तर तुम्ही म्हणालात, फ्यूज उपसून परत खोचला की झोपलेलं मॉड्यूल दचकून जागं होतं आणि सगळं मोजमाप वाया जातं. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. त्यांवर मीटरच्या सुया टेकवून मिलिव्होल्ट बघत तुम्ही एकेक फ्यूज तपासत गेलात. ज्यातून करंट वाहत नाही तिथे शून्य. एका फ्यूजवर शून्य नव्हतं. त्याची वायर जात होती पुढच्या डाव्या सीटसमोर, पायाखालच्या मॅटिंगखाली.

मॅटिंगवर हात फिरवून मी ठामपणे सांगितलं, ‘कोरडं आहे.’ तुम्ही काहीच बोलला नाहीत. आधी बॅटरी सोडलीत. सीटखाली पिवळा कनेक्टर असतो, तो एअरबॅगचा. बॅटरी सोडून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे त्या दिवशी शिकले. मग सीट बाहेर आली, मॅटिंगचं टोक उचललं गेलं, आणि तुम्ही खालच्या फोमवर तळहात दाबलात. बोटांच्या फटींतून पाणी वर आलं.

तो फोम कितीतरी जाड होता. साध्या गाडीत पातळसा थर असतो, तो भिजला की वास येतो, मॅटिंग ओलं लागतं, दोन दिवसांत कळतं. आपल्या गाडीत रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून एवढा जाड थर घातलेला, की तो बादलीभर पाणी पिऊन बसला तरी वरचं मॅटिंग कोरडंच. ज्या शांततेसाठी मी ही गाडी घेतली, तिनंच पाणी लपवून ठेवलं होतं. आणि त्या ओल्या गादीत ते मॉड्यूल. कनेक्टर सोडवलात तेव्हा पिना हिरव्या झालेल्या. पितळी भांडं कळकावं तशा.

बाकीचे मॉड्यूल का ओरडत होते तेही तुम्ही तिथेच समजावलंत. पूर्वी प्रत्येक बटनापासून प्रत्येक मोटरपर्यंत स्वतंत्र वायर जायची. बॉशने १९८६ मध्ये ‘कॅन’ नावाची पद्धत पुढे आणली, तेव्हापासून एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवरून सगळे मॉड्यूल आपसात बोलू शकतात. वायरिंगचं ओझं कमी झालं, पण एखादं भिजून रात्रभर बडबडत बसलं की बाकीच्यांनाही झोप लागत नाही. काच खाली येणं, मेमरी जाणं, बॅटरी उतरणं, सगळं त्या एका जागरणाचं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो भाग.

पाणी कुठून आलं ते शोधायला तुम्ही सनरूफ उघडलंत आणि माझ्या हातात पाण्याची बाटली दिलीत. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, आणि ते अडवण्यासाठी नसतंच, हे मला नवीन होतं. थोडं पाणी आत येणार हे धरूनच त्याखाली पन्हळ केलेली असते, आणि पन्हळीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात. ‘ओता हळूहळू. घाई नको.’ उजव्या पुढच्या कोपऱ्यात ओतलं, चाकामागे धार लागली. मागचे दोन्ही कोपरे, तसंच. डाव्या पुढच्या कोपऱ्यात ओतलं. चाकामागे काही नाही. तुम्ही खांबाच्या आतल्या कव्हरला कान लावलात आणि मलाही लावायला सांगितलंत. आत टपटप.

कव्हर काढलं. नळी सांध्यातून निसटून बाजूला लोंबत होती.

माझा भाऊ तिथेच उभा होता. ही गाडी घेतली तेव्हापासून त्याचं एकच पालुपद : ‘तुला झेपणार नाही.’ तुम्ही नळीचं टोक बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलंत, ‘हवा मारली होती का?’

मारली होती. एक व्हिडिओ बघून, टायरच्या कॉम्प्रेसरनं, पूर्ण दाबानं. नळी तुंबली होती, टोकाच्या रबरी बोंडीत गाळ अडकला होता, तो उडवायला गेले आणि आतला सांधाच उडवला. तोपर्यंत पाणी नुसतं पन्हळीत साचत होतं. माझ्या दुरुस्तीनंतर ते थेट आत यायला लागलं. मी मान हलवली. तुम्ही सरळ उभे राहिलात आणि भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, ‘जुनी गाडी आहे, रबर कडक होतं, सांधे सुटतात.’

हे शब्दश: खरं होतं, उस्ताद. रबर कडक झालंच होतं. पण तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. आज भावालाही कळेल. कळू दे.

त्यानंतरचे सहा दिवस गाडी तुमच्याकडे सीट काढून, दारं उघडी टाकून पडून होती. फोम काढून उन्हात उभा केला. नळी बसवून क्लिप लावली. मॉड्यूल उघडून, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, वाळवून, दोन पिना नव्या घालून जुनंच परत बसवलंत. पुन्हा क्लॅम्प मीटर, पुन्हा अर्धा तास, आणि आकडा ३० वर. नंतर एवढ्याशा नळीची उस्तवार तुम्ही मला शिकवलीत : मऊ नायलॉनची दोरी घालायची, वरून पाणी सोडायचं, खालची बोंडी दोन बोटांत दाबून गाळ काढायचा. हवा मारायची नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात, त्या वेळी मात्र हसून.

त्याच सहा दिवसांत तुम्ही मला बाकीची गाडीही दाखवलीत. आणि गंमत म्हणजे त्यातली निम्मी शिकवणूक कशाला हात लावू नये याचीच होती. मागच्या काचेचा पडदा अडकतो, अडकू दे. दार हलकेच टेकवलं की आपणहून ओढून घेणारी मोटर गेली आहे. त्यावर तुमचं उत्तर मी अजून लोकांना सांगते : ‘हातानं लागतं ना? मग लावा.’ तीच तुमची पट्टी. जे गेलं तर गाडी रस्त्यात थांबेल किंवा ब्रेक दाबूनही थांबणार नाही, ते आधी. जे गेलं तर फक्त तोरा जाईल, ते सवडीनं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी कमी चालली तरी, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ या प्रतीचं ताजं तेल २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं, आणि दोन टनांची गाडी घाटात उतरताना तो फरक पायाखाली कळतो. टायरची नक्षी शाबूत होती म्हणून मी खूश होते. तुम्ही बाजूवरचे चार आकडे वाचायला लावलेत, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, आणि माझे टायर अकरा वर्षांचे निघाले. इंजिन थंड ठेवणाऱ्या कुलंटची प्लास्टिकची टाकी आणि नळ्यांची तोंडं तुम्ही गळायच्या आधीच बदललीत. वर्षानुवर्षं तापून-निवून ते प्लास्टिक इतकं ठिसूळ झालं होतं की काढताना एक तोंड तुमच्या हातात बिस्किटासारखं तुटलं.

गिअरबॉक्सवरून मात्र आपण वाद घातला. ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही असं मी कुठेतरी वाचलेलं ठासून सांगितलं. तुम्ही विचारलंत, ‘कुणाच्या आयुष्यभर?’ आणि मग दाखवलंत की गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वत:च ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं असं सांगते. जुनं तेल चहाच्या चोथ्यासारखं काळं निघालं. मी पुढे काही बोलले नाही.

आता हिशोबाचं. दरवेळी बिलासोबत तुम्ही जुना सुटा भाग पिशवीत घालून देता, न मागता. आधी मला ते ओझं वाटायचं. आता कपाटात एक खण आहे त्यांचा. तुटलेलं कुलंटचं तोंड, फाटलेला सस्पेन्शनचा बुश, हिरव्या झालेल्या त्या दोन पिना. भाऊ परवा ते हातात घेऊन बघत होता आणि म्हणाला, उस्तादांना माझ्या गाडीचंही विचार ना. त्याची गाडी नवी आहे. मी म्हटलं, थांब जरा.

तो सीलबंद खोका मी परत केला, पूर्ण पैसे मिळाले. त्यातल्याच पैशांतून नवे टायर आले.

कितव्या फेरीला ते आठवत नाही, पण तुम्ही मॅडमऐवजी ताई म्हणायला लागलात. त्याबद्दलही आभार, वेगळे.

आणि एक. पाऊस तोंडावर आला म्हणून काल चारही कोपऱ्यांत बाटलीनं पाणी ओतलं, घड्याळ लावून. तीन कोपरे लगेच मोकळे झाले. डावा पुढचा जरा हळू उतरतोय, दुप्पट वेळ घेतोय. बोंडी दाबून पाहिली, थोडा गाळ निघाला, पण फरक पडला नाही. हवा मारलेली नाही. गाडी कधी आणू?

आपली,
ताई