राइट केलेल्या सीडीतले २४ सेकंद

नाशिक,
श्रावणातला रविवार, दुपार

प्रिय दोस्ता,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा कंपनीच्या बसमध्ये, तिथे खडखडाटात निम्मा गेला, म्हणून परत घरी. तूही बोलूनच उत्तर पाठव म्हणालास, पण गिटारचा विषय निघाला की मी तुझ्याशी भांडायला लागतो आणि मुद्दा राहून जातो. म्हणून बसून लिहितोय. बाहेर पाऊस लागलाय, गोदेला पाणी चढलंय, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं असं सकाळी दूधवाला सांगत होता. घाटाकडे जाण्यात अर्थ नाही. आई झोपलीय. तेव्हा निवांत वाच, लांबणार आहे.

तुझं म्हणणं असं की आपल्या लाडक्या स्वीडिश मेटल बँडच्या, मेशुगाच्या, सगळ्या अल्बमांत 'कॅच थर्टीथ्री' सर्वांत कोरडा, कारण त्यात ड्रमर नाही, कंप्युटर आहे. आणि दुसरं, आपल्याला तेव्हा ते जमलं नाही कारण आपल्याकडे सामान नव्हतं. आता तू जो मॉडेलर, म्हणजे ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारा डिजिटल डबा, घेतलास त्यात तो आवाज एका बटणावर येतो. मॉडेलरबद्दल अभिनंदन, हप्ते फिटले की पार्टी. बाकी दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत.

आधी एक सांग, तो अल्बम आपण ऐकला कसा होता? आठव. २००६, थर्ड इयर. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तू तीन दिवस बसून १३ एमपीथ्री उतरवल्यास, मित्राच्या घरी नेऊन सीडी राइट केलीस आणि वर मार्करने कवटी काढलीस. कवटी बटाट्यासारखी दिसत होती, पण ते असो. त्या वेळी ऑडिओ सीडी राइट करताना सॉफ्टवेअर आपणहून दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची मोकळी जागा सोडायचं. आपण कधी बदललंच नाही ते, बाकीच्या सीड्यांना त्याने काय फरक पडणार होता? पण हा अल्बम म्हणजे १३ गाणी नाहीतच. ४७ मिनिटांची एकच रचना आहे, तिला नुसत्या खुणा करून १३ नावं दिलीत. आणि आपण त्यात बारा ठिकाणी दोन-दोन सेकंद, म्हणजे २४ सेकंद शांतता घुसडून ऐकली. तीही ऐन तालात!

पहिली तीन 'गाणी' मिळून पाचेक मिनिटं एकच रिफ, गिटारचा तोच तो तुकडा, चालतो. आपण काय म्हणालो होतो? "एकाच रिफवर तीन गाणी काढली, फसवलं." तू तर त्याला उरलेल्या पोळ्यांचा चिवडा म्हणाला होतास. अरे, ते एकच गाणं होतं. मागच्या महिन्यात हेडफोन लावून गच्चीवरच्या खोलीत सलग ऐकलं, मध्ये एकही फट नसलेलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो रिफ बदलत नाही पण त्याच्याखालची जमीन सरकते. आणि मधला तो तेरा मिनिटांचा तुकडा, जो तू नेहमी पुढे ढकलायचास. त्यात सगळं थांबून नुसत्या स्वच्छ गिटारी ठिबकत राहतात ना, तिथे मला उगाच त्र्यंबकच्या पावसाची आठवण झाली. आधीची मारझोड ऐकून घेतल्याशिवाय ते ठिबकणं लागत नाही. पुढे ढकलणाऱ्याला काय कळणार?

आता ड्रम. प्रोग्रॅम केलेले आहेत, कबूल. पण ज्या नमुन्यांवर ते बांधलेत ते त्यांच्या ड्रमरने, टोमास हाकेनेच, वाजवून रेकॉर्ड केलेले, 'ड्रमकिट फ्रॉम हेल' नावाच्या सॉफ्टवेअरसाठी. म्हणजे एकेक ठोका त्याच्याच हातापायाचा, फक्त मांडणी माउसने. तुझी आत्या मसाला मिक्सरवर वाटते म्हणून आमटी तिची नाही असं तू म्हणतोस का? या अल्बमच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, त्यांनी 'आय' नावाची २१ मिनिटांची एकच रचना काढली होती. डोक्यात येईल ते लांबच लांब रचत जायचं, स्टेजवर वाजवता येईल की नाही याची फिकीर आधी करायची नाही, या वेडाचा पुढचा टप्पा म्हणजे हा अल्बम. नावातच वेड आहे, यिडिशमध्ये मेशुगा म्हणजे वेडा.

मला हे एकट्याला उमगलेलं नाही. भाचीला पंचवटीत तबल्याच्या क्लासला घेऊन जातो शनिवारी. तिचा तास संपेपर्यंत बाकावर बसून मी हेच ऐकत होतो आणि मांडीवर मोजत होतो. सर बाहेर येऊन म्हणाले, "काय ठोकताय सारखं? आम्हालाही ऐकवा." एक इअरफोन दिला. गुरगुरणारा आवाज ऐकून जो चेहरा झाला त्यांचा, आपल्या एचओडींची आठवण आली. पण काढला नाही. डाव्या हाताने टाळी-खाली धरली आणि दोनेक मिनिटांत म्हणाले, "सम सापडली, आवर्तनाची पहिली मात्रा. ती झांज सरळ चाललीय बघा, चाराच्या चालीत. गिटारवाले भलतीकडे निघालेत, आणि खालचा ठोका त्यांच्याबरोबर पळालाय."

बरोबर तेच! हाकेचे हात चारात, पाय गिटारीबरोबर. मग आम्ही वहीच्या पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. एका बारमध्ये सोळा बारीक मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन समज. आठ आवर्तनं म्हटली की १२८. आता समज, रिफचा तुकडा २३ मात्रांचा आहे. पाच वेळा वाजवला की ११५. उरल्या १३. या १३ चं काय करायचं? आपल्याकडे तबलजी आधीपासून हिशोब करून, दम टाकायच्या जागासुद्धा मोजून तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, अशी बांधतो की तिसऱ्या खेपेचा शेवटचा धा नेमका समेवर पडेल. हे स्वीडनचे लोक तसलं काही करत नाहीत. तेराव्या मात्रेवर तुकडा सरळ छाटतात आणि समेवर पुन्हा पहिल्यापासून सुरू. सर हसायला लागले. म्हणाले, "आम्ही असं केलं असतं तर गुरुजींनी हातोडी फेकून मारली असती." मग थोडं थांबून, "पण कुठे छाटायचं ते सगळ्यांना एकदम ठाऊक आहे हां. कोणी घुटमळत नाही."

हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. का ते सांगतो.

गॅदरिंगला आपण तो पहिला रिफ बसवला होता. चार मिनिटं वाजवायचा होता, दीड मिनिटात कोसळलो. तेव्हापासून आजतागायत आपली अधिकृत कथा अशी की तुझ्या मावसभावाकडून आणलेल्या गिटारच्या इफेक्ट पेडलने दगा दिला, बॅटरी बसली, तुझी गिटार गळपटली आणि त्यामुळे सगळे सांडले. लेका, पेडल नंतर गेलं. आधी मी चुकलो. तुकडा छाटायच्या जागी मी तो पुरा वाजवला, दहा मात्रा जास्त. तू बरोबर समेवर आलास, तुझा कान बरोबर होता, पण मी तुझ्याकडे असं काही बघितलं की तूच गोंधळलास आणि माझ्यामागे आलास. मग ड्रम गेले. आणि त्याच वेळी तुझ्या पेडलची बॅटरी खरंच बसली, ते माझं नशीब. मी हात वर करून सगळ्यांना पेडल दाखवलं. पुढे तू दिवाळीची अख्खी सुट्टी कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पार्सलं उचलून नवीन पेडल घेतलंस, तेव्हाही मी गप्प होतो. त्याचे पैसे देणं लागतो मी. व्याज मागू नकोस.

तेव्हा सामान नव्हतं म्हणून जमलं नाही, हे निदान माझ्यासमोर तरी म्हणू नकोस.

अर्थात सामानाची मजा असतेच, नाही कशाला म्हणू? मीही पाप केलंय. आठ तारांची घेतली. सेकंडहँड, मुंबईच्या एका माणसाकडून, २७ इंच स्केलची. त्याने सांगितलं होतं "मान एकदम सरळ आहे." घरी आणून बघतो तर मानेला बाक, मधल्या फ्रेटांवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर, तार हातभर वर. बरं, आपल्या इथे आठ तारांची कोण बघणार? मेनरोडच्या मागे पेटी दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी तारा मोजल्या आणि विचारलं, "स्वरमंडळ का?" पण हात सोन्याचा. ॲलन कीने ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, पाव-पाव आटा फिरवत दोन दिवसांत मान आणली, आणि जाड तार बसेना म्हणून मानेच्या टोकाच्या नटची खाच कानसून दिली. मी कंपनीतून फट मोजायचं फिलर गेज नेलं होतं, ते सातव्या फ्रेटपाशी घालून बघितलं, ०.२५ मिलिमीटर. काका म्हणाले, "हे पातं मला देऊन जा." कंपनीचं होतं म्हणून नाही देता आलं. परवा बाजारातून नवीन घेऊन दिलं.

मेशुगाचीच गंमत बघ ना. २००२ च्या 'नथिंग'साठी त्यांनी खास आठ तारांच्या गिटारी बनवून घेतल्या होत्या, त्या ऐन वेळी सुरात राहीनात, म्हणून सात तारांच्या गिटारी खाली उतरवून अल्बम उरकला. मनात राहिलं असणार, कारण २००६ मध्ये आठ तारांच्या गिटारींवर तो पुन्हा वाजवून काढला. दोन्ही ऐकून बघ. पहिल्यात जाड तार सैल पडलीय, लोळते, आणि मला खरं सांगायचं तर तेच जास्त आवडतं.

तू विचारलंस खालच्या तारेचा आवाज चिखल का होतो. त्यांच्या ट्यूनिंगमध्ये सगळ्यात खालची तार एफ, म्हणजे ४४ हर्ट्झच्या जरा खाली. बास गिटारची जाड तार ४१. म्हणजे तू गिटार म्हणून जे धरलंयस ते जवळजवळ बास आहे! तुझ्या दहा इंची स्पीकरमधून मूळ सूर निघतच नाही, त्याच्या वरच्या पटी निघतात आणि कान खालचा सूर मनानेच भरून घेतो. त्यावर तू गेन, म्हणजे आवाज फाटवायचं बटण, चढवलास की त्या पटीही एकमेकींत मिसळल्या, संपलं. म्हणून गेन तुला वाटतं त्याच्या निम्मा ठेव. पुढे ट्यूब स्क्रीमर पेडल लावायचा, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, खालची चरबी तिथेच कापली जाते. नॉइज गेट, म्हणजे मधल्या फटीतला खरखराट बंद करणारा, मात्र कंजूषपणा न करता. या संगीतात न वाजलेली जागा वाजलेल्या इतकीच मोजून आहे. आणि उजवा हात हलका, सैल तारेला जोरात मारलं की सूर आधी वर उडतो आणि मग खाली बसतो, ट्यूनरवर दिसतं ते.

तुझ्या एका बटणाबद्दल मी हसणार नाही, कारण त्या वर्षांत मेशुगावाले स्वतःच लाइन ६ कंपनीचा व्हेट्टा ॲम्प वापरत होते, म्हणजे डिजिटलच. तेव्हा ट्यूब ॲम्पशिवाय मेटल नाही म्हणून कट्ट्यावर शपथा घेणारे आपण दोघं किती येडे होतो! दोघांत मिळून एक भाड्याचा ॲम्प, आणि शपथा ट्यूबच्या.

बाय द वे, ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे पिकअप आहेत माझ्या गिटारला. जॅक काढायला विसरलास की नऊ व्होल्टची बॅटरी उगाच झिजत राहते. दोन घालवल्या. वीस वर्षांपूर्वीच्या त्या पेडलचा शाप असणार.

परवा संध्याकाळी गंगापूर रोडला ढोलपथकाची प्रॅक्टिस चालली होती, तिथे गाडी लावून अर्धा तास उभा राहिलो. तीसेक ढोल, पुढे चार ताशे. नाशिक ढोल तुला काय सांगायचा, पण इतकी वर्षं आपण त्याला मिरवणुकीचा आवाज म्हणूनच ऐकला. या वेळी फक्त ताशा धरला कानात, तो बारीक सरळ धावतोय, आणि ढोलाचा जाड ठोका त्याच्यावर केव्हा येतो आणि केव्हा मुद्दाम येत नाही ते बघितलं. टिपरू पानावर पडायच्या आधी तीस पोरांचे हात हवेत सारखे थांबतात. एक मुलगी चुकली. पुढच्या ताशेवाल्याने वळूनही पाहिलं नाही, नुसता एक ठोका जरा मोठा मारला, आणि ती परत आली. आपल्याला गॅदरिंगला तसा एक माणूस हवा होता.

गणपतीत येतोयस ना? नक्की कळव. भाचीच्या सरांना मी बोलून ठेवलंय, ते एक शनिवार टाळी-खाली धरून बसायला तयार आहेत. अट एवढीच की आवाज लहान ठेवायचा आणि शेवटी एक तिहाई आपण नीट बांधून दाखवायची. आपला ड्रमर हल्ली ओझरला असतो, त्याला मी अजून सांगितलं नाही. तो कबुली ऐकून मला मारेल बहुतेक, तू समोर असलास तर बरं.

येताना बंगळुरूहून ०.०७४ इंच जाडीची एकेरी तार आण, दोन आण, इथे मिळत नाही. आणि बटाट्याच्या कवटीची ती सीडी तुझ्याकडेच आहे, तुझ्या आईने जुन्या वह्यांच्या खोक्यात ठेवलीय असं मागे म्हणाली होती तुझी ताई. ती शोध. चालली तर एकदा त्या २४ सेकंदांसकट ऐकू.

तुझाच,
दहा मात्रा जास्तवाला

ता. क. पेडल किती रुपयांना घेतलं होतंस? मला २८०० आठवतात. जास्त सांगू नकोस.