आई, पोऱ्याशी अहिराणीतच बोल

ड्युसेलडॉर्फ,
१६ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. नाना यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आता घरात त्याच्याशी जर्मनच बोलत जा, पोरगं मागं पडायला नको." मी नुसतं "बरं" म्हटलं. मागून नाना थंडी किती आहे ते विचारत होते, पोऱ्या फोन ओढत होता आणि तेवढ्यात रेंज गेली. पण ते "बरं" मला दोन दिवस खातंय. मला ते पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही ते फोनवर धड सांगता यायचं नाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे. नानांनाही मोठ्याने वाचून दाखव.

इथे बालवाडीला किटा म्हणतात. ऑगस्टमध्ये पोऱ्या जायला लागला. पहिले तीन दिवस मी त्याच्याबरोबर तासभर वर्गातच बसायचं, त्याला सोडून कुठे जायचं नाही, असा त्यांचा नेम. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, आता त्याला सांगून, टाटा करून थोडा वेळ बाहेर बसा. चोरून जायचं नाही. तुझ्या अंगणवाडीत "ती बघ चिमणी" म्हणत आया पसार व्हायच्या आणि तू त्यांना रागवायचीस, ते मला तिथे बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या आठवलं.

त्याच आठवड्यात बाई एक पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन माझ्याजवळ बसल्या. घरी हा पाणी कसं मागतो? भूक लागली, दुखतंय, शू आली, हे कसं सांगतो? मी आधी पुस्तकी मराठी सांगायला लागले आणि थांबले. तो तसं बोलतच नाही. तुझ्या मांडीवर जी अहिराणी शिकला तीच बोलतो. "माले पानी दे." "भूक लागनी." "आठे दुखस." बाईंनी एकेक शब्द त्यांच्या लिपीत लिहून घेतला आणि तीन-तीनदा म्हणून बघितला. "दुखस"मधला ख त्यांच्या जिभेला काही केल्या सापडेना, तरी सोडला नाही. ते कार्ड अजून वर्गातल्या नळाच्या वर चिकटवलेलं आहे. एकदा अंगणात हा गुडघ्यावर आपटला. मी आणायला गेले तेव्हा बाई त्याच्यापुढे उकिडव्या बसून विचारत होत्या, "दुखस?" त्याने मान हलवली आणि मगच रडायला लागला. परक्या मुलखात आपल्या रडण्याचं नाव कुणाला तरी माहीत आहे, एवढ्यावर पोराचा जीव तिथे रमला असं मला वाटतं.

हे सगळं बघताना माझ्या डोळ्यांपुढे तुझी अंगणवाडी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात पावरा आदिवासींची मुलं पहिल्या दिवसांत तुझ्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. भिंतीला पाठ लावून बसायची. तू त्यांच्या आयांकडून शब्द विचारून घेतलेस, हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेस आणि घरी भाकऱ्या थापताना पाठ केलेस. मी चौथीत होते, तुला म्हणून दाखवायला लावायचे. पाणी, भाकर, आई. तू हे कुठल्या शिबिरात शिकली नव्हतीस, तुझं तुला सुचलं होतं. त्या मुलांना मराठी आलीच ना पुढे? त्यातली एक मुलगी आज नर्स आहे, हे तूच मला कौतुकाने सांगितलंस. मग माझ्या पोराच्या बाबतीत तूच असं उलटं का सांगतेस?

मी बाईंनाही विचारलं, घरी जर्मन बोलू का? त्यांनी सरळ नाही म्हटलं. जर्मन तो इथे मुलांमध्ये शिकेलच, तुम्ही त्याला ती भाषा द्या जिच्यात तुम्ही त्याला जोजवता, रागवता आणि गोष्ट सांगता. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

त्यांचं-माझं सगळं सुरुवातीपासून असं छान होतं असं मात्र समजू नकोस. सप्टेंबरमधली एक गोष्ट मी तुला तेव्हा सांगितली नाही. त्यांच्या सूचना दाराजवळच्या फळ्यावर हाताने लिहिलेल्या असतात. छापील जर्मन मला फोनमध्ये फोटो काढून वाचता येतं, त्या वळणदार अक्षरांपुढे फोनही हात टेकतो. मी तो कागद खाण्याचा तक्ता समजले आणि पोराला सँडल घालून पाठवलं. तो जंगलात जायचा दिवस होता. पाऊस लागला. बाकीच्या मुलांच्या अंगात छातीपर्यंत येणाऱ्या रबरी पँटी, पायात गमबूट, आणि हा सुती चड्डीत. त्यांनी जास्तीच्या पेटीतली पँट याला घातली, पण सँडल चिखलात गेले ते गेलेच. संध्याकाळी त्याचे गार पाय तेल लावून चोळताना मला इतकं रडू आलं. राग त्यांचाही आला. नवीन आई आहे, हिला वाचता येतंय का एवढं कुणी तोंडी विचारायला नको का?

दुसऱ्या दिवशी मी दारातच बाईंना सांगितलं, मला हे अक्षर वाचता येत नाही. जीभ जड झाली होती, पण सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे माफी मागितली. तेव्हापासून रोज त्या मला फळ्यापाशी थांबवतात, ओळीवर बोट ठेवतात आणि सावकाश म्हणतात: उद्या गमबूट, परवा टोपी, शुक्रवारी घरून एक भाजी. मीही दोन वाक्यं सांगते, रात्री झोपला नाही, किंवा आज तुमची आठवण काढून रडला. दोन-तीन मिनिटांत होतं. या उभ्या-उभ्या बोलण्याला जर्मनमध्ये खास नाव आहे, त्याचा अर्थ होतो दार आणि बिजागरी यांच्यातलं बोलणं. वर्षातून एकदा वेळ ठरवून सविस्तर बैठकही असते, पण मला विचारशील तर खरी शाळा त्या बिजागरीपाशीच चालते.

आणि हेही तुझंच. कापूस वेचणीच्या दिवसांत तुझ्या माता बैठकीला कोण यायचं? बाया पहाटे शेतात जायच्या. मग तू दिवेलागणीला वेशीवर जाऊन उभी राहायचीस. डोक्यावर गाठोडं घेऊन येणाऱ्या बाईबरोबर चार पावलं चालत तुझं सुरू व्हायचं. वजन दोनशे ग्रॅमनं उतरलंय, पातळ शी होतेय का, आज काय खाल्लं. मला घरी भूक लागलेली असायची आणि तुझा राग यायचा. आता कळतं की ती बाई तेवढ्या चार पावलांतच तुझ्यावर विश्वास टाकत होती.

आता इथल्या शरद ऋतूचं सांगते, म्हणजे पोऱ्या तुला फोनवर "कास्टानिये, कास्टानिये" का करतो ते समजेल. ते एका झाडाचं फळ. वरून हिरवं, काटेरी, धोतऱ्याच्या बोंडासारखं. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते खाली पडून फुटतं आणि आतून बी निघतं, रंग आणि चकाकी थेट चिंचोक्याची, पण आवळ्याएवढं मोठं. हे रानटी चेस्टनट खायचं नसतं, खेळायचं असतं. बाई लहानशा हातगिरमिटाने भोक पाडून देतात, मुलं त्यात काड्या खोचून जनावरं करतात. बाकीच्यांनी घोडे आणि साळिंदरं केली. याने बैल केला, आणि कुणी घोडा म्हटलं की रागाने शिंगं दाखवायचा. आठवड्याभरात बियांची चकाकी उतरते, त्याचं त्याला फार वाईट वाटलं. मी तेलाचा हात फिरवून दिला. शिवाय गंगाफळाचं सूप झालं. इथलं नारिंगी गंगाफळ सालीसकट शिजतं आणि चार-चार वर्षांची मुलं स्वतः सुरीने कापतात. मी दारात श्वास रोखून उभी होते. कुणाचंही बोट कापलं नाही.

आणि आता डब्याचं. फोनवर मी फक्त "छान झालं" म्हटलं होतं, पण ते नीट सांगायलाच हवं. बाईंनी सगळ्या आईबापांना विचारलं होतं, तुमच्या घरी या दिवसांत मुलं काय करतात? मी म्हटलं, आमच्याकडे खान्देशात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते, मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि बंद डब्यातला खाऊ ओळखतात. बाईंनी विचारलं, हे आमच्याकडे करून दाखवाल? कोजागिरीच्या आठवड्यात मी गेले. शेंगदाणे नेता येत नाहीत, ॲलर्जीमुळे दाणे-काजू सगळ्यालाच बंदी, म्हणून मुरमुरे नेले. डबा तोच, तू दिलेला पितळी कडीचा स्टीलचा.

मुलं सकाळी गोल करून बसतात, त्या गोलात आधी मी फोनवरून तुझं गाणं लावलं. तू मागच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं, मध्ये कोंबडा ओरडतो ते. वीस मुलं तुझा आवाज ऐकत होती आई, एकही हललं नाही. पोऱ्या उभा राहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "मनी आजी!" त्या दिवसापर्यंत तो गोलात एक शब्द बोलला नव्हता. मग डबा फिरला. प्रत्येकाने कानाशी धरून खुळखुळवला. एक म्हणाला वाळू, एक म्हणाली पाऊस, कास्टानिये तर सगळेच म्हणाले. गोड की खारट, हेही विचारायचं हे मी सांगितलं, आणि ते विचारायला शिकले पोऱ्याकडून, आपल्याच भाषेत. "गोड?" "खारं?" अर्धा तास हे दोन शब्द त्या खोलीत घुमत होते. झाकण काढलं तेव्हा मुरमुरे बघून जो गलका झाला, तो थेट आपल्या ओट्यावरचा. आता दर शुक्रवारी बाई एक डबा भरतात, आत कधी बटणं, कधी पास्ता.

गेल्या आठवड्यात सेंट मार्टिनच्या कंदिलांची मिरवणूक झाली. त्यांचा दिवस ११ नोव्हेंबरचा. मार्टिन हा रोमन सैनिक होता. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला पाहून त्याने तलवारीने आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी गोष्ट. कंदील मुलं आणि आईबाप मिळून बनवतात. आमचा यांनी आणि पोऱ्याने मिळून केला, पतंगाच्या कागदाचा, त्यावर वाळलेली पानं डकवलेली. इथे पाचच्या आत दिवस मावळतो. पुढे लाल झग्यातला घोडेस्वार, मागे बँड, त्यामागे काठीला लटकवलेले कंदील घेऊन मुलं गात चाललेली. या भागात मुलं नंतर दारोदार गाणी म्हणून खाऊ मिळवतात. आपल्या भुलाबाईसारखंच, नाही का?

शेवटी प्रत्येकाला मनुकांचे डोळे लावलेला पावाचा माणूस मिळतो. याने तो मधोमध मोडला आणि अर्धा कागदात गुंडाळून ठेवला. "आजीले." चार दिवसांत तो दगडासारखा झाला, तरी टाकू देत नाही. फ्रिजवर आहे.

तर आई, तू त्याच्याशी अहिराणीतच बोल. "काय करी राह्यना" म्हणून सुरुवात कर, तो फुलतो. बाईंना आणखी शब्द हवे आहेत, थंडी वाजते, भीती वाटते, मला घरी जायचंय, हे तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठव. सावकाश बोल आणि कोंबडा ओरडला तर ओरडू दे.

वेळेचंही लिहून ठेव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली, आता आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे, मार्चच्या शेवटापर्यंत. मी त्याला तीनला आणते, तेव्हा तुमच्याकडे साडेसात. तुमच्या आठला फोन करते. नानांना म्हणावं, तेवढा वेळ बातम्या बंद ठेवा.

पाकिटात एक पान आहे, ते त्याच कास्टानियेच्या झाडाचं. पाठीमागे त्याने तुझं चित्र काढलंय. तो मोठा गोल म्हणजे तू, आणि हातातला चौकोन म्हणजे डबा.

तुझी लेक