मानेबरोबर बसायचे स्टूलही पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

मागच्या आषाढात मी आपल्याकडे आलो तेव्हा मानेपासून अंगठ्यापर्यंत कळ जात होती आणि दिवसाच्या तिसऱ्या रूट कॅनालनंतर बोटांना मुंग्या येत होत्या. गोळ्या, शेक, मानेचा पट्टा, सगळे करून झाले होते. आपण मान तपासलीत. पण व्यायामाचा कागद देऊन मोकळ्या न होता एका शनिवारी माझ्या दवाखान्यात येऊन तासभर कोपऱ्यात बसलात आणि रुग्णाच्या परवानगीने मी काम करत असताना बाजूने फोटो काढलात. हे जाहीर आभार त्या तासाचे आहेत.

त्या फोटोत, वरच्या दाढेची टाळूकडची बाजू थेट डोळ्यांनी दिसावी म्हणून मी मान पुढे घालून वर पिळलीही होती, आणि उजवे कोपर जवळजवळ खांद्याच्या उंचीला गेले होते. सुमारे ५ किलोचे डोके ६० अंश झुकले की मानेवरचा भार हिशेबाने २७ किलोंच्या घरात जातो, हे आपण सांगितलेत तेव्हा मी ओशाळलो, कारण तोंडात धरायच्या छोट्या आरशात पाहून काम करणे कॉलेजात फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, घोटून घेतलेले होते आणि घाईपायी मीच ते सोडून दिले होते.

मग आपण स्टूल उंच करून मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या ठेवायला लावल्यात, खुर्ची आडवी करून रुग्णाचे तोंड माझ्या कोपराच्या उंचीला आणलेत, आणि बोथट क्युरेट (दात खरवडून साफ करायचे हत्यार) चिमटीत जास्त आवळावी लागते म्हणून धारेची चौकशीही केलीत. (ती धार महिनोन्‌महिने लावलेली नव्हती, हे मी त्या दिवशी कबूल केले नाही.) सर्वांत अवघड गेले ते रुग्णाला ‘मान जरा माझ्याकडे वळवा’ म्हणणे. त्यांना त्रास नको म्हणून आम्ही स्वतः वाकत राहतो, आणि तोच आमचा सेवाभाव, अशी माझी समजूत होती.

कळ अजून अधूनमधून येते, मुंग्या मात्र थांबल्या आहेत. आपण शिकवल्याप्रमाणे आमची असिस्टंट अजूनही मध्येच ‘सर, खांदा!’ म्हणून टोकते. परवा ते ऐकून खुर्चीतल्या आजींनी घाबरून स्वतःचाच खांदा चाचपला.

आपला कृतज्ञ,
एक दंतवैद्य