एकतीस सामने, चोवीस ट्राय, आणि बाकीचं?

मा. संपादक,
स. न.

आपल्या क्रीडापानावर ब्रिटनच्या बिली बोस्टनवर एक छोटी चौकट आली होती. ‘आंतरराष्ट्रीय सामने ३१, ट्राय २४’ (ट्राय म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवणं) आणि खाली जून २०२५ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाल्याची ओळ. मराठी दैनिकात रग्बी लीगला जागा मिळाली याचंच आधी अप्रूप वाटलं. आकडेही बरोबर आहेत. (छायाचित्र मात्र रग्बी युनियनचं होतं, पंधरा जणांचं, बोस्टन ज्यात नावारूपाला आला ते रग्बी लीग तेरा जणांचं. बॉम्बे जिमखान्यावर आपण जी रग्बी पाहतो ती युनियन.) माझं म्हणणं एवढंच, की हे दोन आकडे छापले म्हणजे त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सांगून झाली असं होत नाही. या माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं लँकेशायरमध्ये काढली. तिथे शनिवार-रविवारी कुणाच्या घरी चहाला बसलं तरी गप्पा लीगवर यायच्या आणि लीगवरून बोस्टनवर. विगनच्या भर चौकात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, चेंडू घेऊन सुसाट निघालेला. विगन क्लबसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय, म्हणजे सामन्यामागे जवळपास एक. विंगरसाठी, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणाऱ्या गड्यासाठी, हे किती आहे ते समजायला तेव्हाचा नियम माहीत हवा. आज चेंडू घेतलेल्या गड्याला पकडून सहा वेळा पाडलं, म्हणजे सहा टॅकल झाले, की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. १९६६ पर्यंत असं बंधनच नव्हतं. एखाद्या संघाला चेंडू मिळाला की तो चुकेपर्यंत त्याच्याचकडे, आणि मधले धिप्पाड गडी पुनःपुन्हा आपटत पुढे सरकणार. कडेला उभ्या विंगरच्या हाती चेंडू यायला कधीकधी पंधरा-वीस मिनिटं लागायची. आला की सोनं करायचं.

बोस्टनचा जन्म १९३४ चा, कार्डिफच्या गोदीलगतच्या टायगर बे वस्तीतला. वडील सिएरा लिओनहून आलेले खलाशी, आई आयरिश वंशाची, अकरा भावंडांत हा सहावा. युनियन तो वेल्समधल्या नीथ क्लबकडून खेळला, पण शहरातल्या मोठ्या कार्डिफ क्लबनं त्याला कधी विचारलं नाही. सैन्याच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यानं सहा ट्राय केले आणि उत्तर इंग्लंडमधले लीग क्लब घरी चकरा मारू लागले. १९५३ साली विगनची माणसं आली तेव्हाचा किस्सा तो स्वतःच अनेकदा सांगत आला. पाहुण्यांनी हजार पौंड म्हटलं, मग नोटा टेबलावर मांडून पंधराशे. आईनं त्याला आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाली, तीन हजार माग, आपोआप निघून जातील. तीन हजार म्हणजे अशक्य रक्कम, असा तिचा हिशेब. बाहेर येऊन तिनं आकडा सांगितला आणि पाहुणे ‘ठीक आहे’ म्हणाले. माउलीचा शब्द गेलेला, मागे घेता येईना. सही झाली आणि त्याच क्षणी युनियनचं दार कायमचं बंद झालं, कारण लीगचे पैसे घेतलेल्याला युनियनमध्ये पुन्हा पाऊल टाकता येत नसे. वेल्सची लाल जर्सी घालून युनियन खेळायचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं. आपल्या चौकटीतल्या ३१ मध्ये ही गोष्ट येत नाही, यायचं कारणही नाही. पण वेल्सकडून युनियनच्या कॅप, म्हणजे देशासाठी खेळलेले सामने, शून्य, तेही याच माणसाच्या, हे एकदा लक्षात घ्यावं.

विगनसाठी जेमतेम सहा सामने खेळलेल्या या पोराला १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी ग्रेट ब्रिटननं निवडलं. वय एकोणीस. ब्रिटिश संघाबरोबर दौऱ्यावर गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तिथे त्यानं १८ सामन्यांत ३६ ट्राय केले. एका दौऱ्यातला विक्रम. आता गंमत अशी की या छत्तीसमधले बहुतेक ट्राय त्याच्या आंतरराष्ट्रीय खात्यावर नाहीत. दौऱ्यावरचे बरेचसे सामने त्या त्या भागातल्या संघांशी होत आणि कॅप मिळे ती कसोटीची. ऑकलंडच्या कसोटीत न्यूझीलंडला २७-७ नं हरवताना त्यानं एकट्यानं चार ट्राय केले, ते चोवीसमध्ये धरले जातात. आडगावच्या मैदानावर खाणकामगार अन् शेतकऱ्यांच्या संघाविरुद्ध केलेले नाहीत. हा हिशेब रास्तच आहे, माझी त्यावर तक्रार नाही. क्रिकेटमध्ये आपण सराव सामन्यातलं शतक कसोटीत धरतो का?

तक्रार आहे ती १९५७ बद्दल. त्या वर्षी विश्वचषक ऑस्ट्रेलियात झाला, बोस्टन संघात होता. स्पर्धा ब्रिटनला वाईट गेली. परतीच्या वाटेवर ब्रिटन आणि फ्रान्स या दोन संघांनी दक्षिण आफ्रिकेत थांबून प्रदर्शनीय सामने खेळावेत, त्या देशात लीगचा प्रसार व्हावा, असा बेत ठरला होता. वर्णभेदाच्या राजवटीत बोस्टनला त्या मैदानांवर उतरता येणार नव्हतं. तेव्हा काय केलं असेल? बाकीचा संघ दक्षिण आफ्रिकेला गेला आणि बोस्टन वेगळा घरी परतला. संघानं दौरा रद्द केला नाही.

या घटनेचा त्याच्या आकडेवारीवर परिणाम किती? शून्य. ते सामने प्रदर्शनीय होते, त्यांना कसोटीचा दर्जा नव्हता, त्यामुळे कॅप कुणालाच मिळाली नाही आणि बोस्टनची कॅप हुकली असंही कागदावर म्हणता येत नाही. म्हणजे रेकॉर्ड पूर्णपणे अचूक आहे आणि त्याच्या कारकिर्दीतल्या सगळ्यात मोठ्या अपमानाबद्दल ते गप्प आहे. चोवीसचा पंचवीस करा असं कुणी म्हणत नाहीये. पण ज्या चौकटीत ‘विश्वचषक १९५७’ छापता येतं, तिथे त्याच्या खाली एक ओळ सहज मावते.

बोस्टनच्या आधीचा रॉय फ्रान्सिस आणखी बोलकं उदाहरण. हाही कार्डिफमध्ये जन्मलेला. १९४६ चा ब्रिटिश संघ ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा फ्रान्सिस फॉर्मात असूनही त्याला नेलं नाही, कारण ऑस्ट्रेलियाचं वर्णधोरण. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध ब्रॅडफर्डला तो एक कसोटी खेळला आणि त्यात दोन ट्राय केले. कोष्टकात तो असा दिसतो: सामना १, ट्राय २. कोरडा वाचक म्हणणार, एका सामन्याचा पाहुणा. तोच फ्रान्सिस पुढे हल आणि लीड्सचा नामांकित प्रशिक्षक झाला.

‘आकड्यांत भावना कशाला आणता?’ असं आपले क्रीडा-सहकारी म्हणतील, म्हणून विचारतो. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅम पोलॉकच्या २३ कसोटी आणि बॅरी रिचर्ड्सच्या ४ कसोटी छापताना आपण कधी नुसता आकडा छापलाय का? दर वेळी सोबत हळहळ असते: बहिष्कारानं कारकीर्द खुंटली, नाहीतर काय केलं असतं! ती हळहळ मलाही वाटते, रिचर्ड्सची ७२ ची सरासरी विसरण्यासारखी नाही. पण ज्या वर्णभेदामुळे पुढे त्या देशावर बहिष्कार आला, त्याच वर्णभेदानं १९५७ मध्ये बोस्टनला मैदानाबाहेर ठेवलं होतं. गोऱ्या फलंदाजांच्या हुकलेल्या कसोटींना तळटीप, आणि काळ्या विंगरला नाही, हे कसं? ज्या महाराष्ट्रात दलित गोलंदाज पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही त्यांच्याकडे संघाचं कर्णधारपद आलं नाही, तिथल्या वाचकाला हे समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

मात्र दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर हे पत्र नुसतं गाऱ्हाणं होईल. बोस्टनच्या प्रत्येक हुकलेल्या सामन्यामागे रंग शोधू नये. १९५८ च्या दौऱ्यावर त्याचं नाव नव्हतं, ब्रिटननं ती मालिका त्याच्याशिवाय जिंकली. फ्रान्समधल्या १९५४ च्या पहिल्या विश्वचषकातही तो नव्हता, पण त्या वर्षी दौऱ्यावरून दमून आलेले बरेच जण बाहेर होते. शिवाय दरसामना ट्रायचा हिशेब लावला तर त्याच काळात ब्रिटनच्याच विंगवर खेळणारा मिक सलिव्हन त्याच्यापुढे आहे: ४६ सामने, ४१ ट्राय. काही मोसम दोघे विगनच्या संघातही होते. अशा स्पर्धेत ३१ कॅप मिळवणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि त्यासाठी सहानुभूतीचे गुण द्यावे लागत नाहीत. १९६० चा विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला तेव्हा ब्रॅडफर्डच्या निर्णायक सामन्यात ऑस्ट्रेलियाला १०-३ नं हरवताना बोस्टननं ट्राय केला होता. तेव्हा ट्रायला तीनच गुण मिळत. १९६२ ला तो पुन्हा दक्षिण गोलार्धातल्या दौऱ्यावर गेला, तेव्हा अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर होता आणि अंगानं चांगलाच भरला होता. पूर्वी तो प्रतिस्पर्ध्याला वळसा घालून जायचा, या वयात थेट अंगावरून जायचा, असं विगनचे म्हातारे सांगत.

बोस्टनच्या मागून आलेला कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हन. (मिक वेगळा, क्लाइव्ह वेगळा, आपल्या उपसंपादकांनी सांभाळावं.) लहानपणी पायावर शस्त्रक्रिया झालेल्या या मुलाला नीट चालता येईल का याचीच डॉक्टरांना शंका होती. १९७२ मध्ये तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला, कुठल्याही खेळातल्या ब्रिटिश राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. फ्रान्समधल्या त्या विश्वचषकात ब्रिटनच्या चारही सामन्यांत त्यानं ट्राय केला. लिऑनला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात आपल्याच टोकाला चेंडू मिळाला आणि टचलाइनच्या कडेनं तो जवळजवळ अख्खं मैदान धावला, मागे कोण आहे हेही न बघता. सामना जादा वेळेनंतरही १०-१० असा बरोबरीत सुटला आणि साखळीतल्या सरस कामगिरीवर चषक ब्रिटनला मिळाला. बघायला माणसं किती? पाच हजारही नव्हती. ब्रिटनसाठी १७ सामने, १३ ट्राय एवढं त्याच्या नावासमोर येतं. १९८५ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगानं तो गेला. हल शहरात शिरणाऱ्या हमरस्त्याला त्याचं नाव दिलंय, रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

२०२३ मध्ये कार्डिफच्या किनाऱ्यावर बोस्टन, क्लाइव्ह सलिव्हन आणि कार्डिफचाच जुना लीग खेळाडू गस रिझमन या तिघांचा एकत्र पुतळा उभारला गेला. ज्या शहरातून ही पोरं उत्तरेला निघून गेली त्याला इतकी वर्षं लागली. आणि १८९५ मध्ये जन्मलेल्या या खेळाला पहिला ‘सर’ मिळायला १३० वर्षं. तोवर बोस्टन नव्वदीचा झाला होता. क्रिकेट आणि फुटबॉलवाल्यांना ही बक्षिसी किती लवकर मिळते, ते आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. उत्तर इंग्लंडच्या गिरणी-खाणीतल्या लोकांचा खेळ म्हणून लंडननं लीगकडे कायम वरून पाहिलं, असं तिकडचे लोक उघड बोलतात. मला त्यात तथ्य वाटतं.

२०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात पुरुषांचा लीग विश्वचषक ठरला आहे. त्या वेळी खेळाडूंच्या चौकटी पुन्हा येतील अशी आशा आहे. तेव्हा तीन गोष्टी कराव्यात अशी विनंती. देशाचा आकडा वेगळा लिहावा: ग्रेट ब्रिटनसाठी किती, इंग्लंडसाठी किती, वेल्ससाठी किती, कारण लीगमध्ये एकच माणूस दोन जर्सींत खेळलेला असतो आणि सगळं एका बेरजेत घातलं की काहीच कळत नाही. क्लाइव्ह सलिव्हन वेल्सकडूनही खेळला, ते वरच्या १७ मध्ये नाही. कसोटी आणि दौऱ्यावरचे इतर सामने यांची सरमिसळ करू नये. आणि एखादा खेळाडू संघात असूनही मैदानावर उतरू शकला नसेल, तर का, ते तारखेसह त्याच चौकटीत द्यावं. जागा कमी पडत असेल तर छायाचित्र लहान करावं. तसंही ते युनियनचं असण्याची शक्यता जास्त.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली